न्यू इंग्लिश स्कूलचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलबद्दल जे प्रश्न सारखे येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत शाळेचे जुने विद्यार्थी आहेत, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं आहेत, आजोबांच्या ट्रंकेत शाळेचा दाखला सापडलेली नातवंडंही आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे गुंत्याचे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाळा कोणी आणि कधी काढली?

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी, पुण्यात. महादेव बल्लाळ नामजोशी अगदी सुरुवातीपासून बरोबर होते. त्याच वर्षी संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे येऊन मिळाले आणि त्यांच्याकडे शाळेचा कारभार आला. गोपाळ गणेश आगरकर १८८१ मध्ये आले (प्रश्न ८ पाहा).

वयं लक्षात घ्या. चिपळूणकर एकोणतिशीत होते, टिळक तेवीस वर्षांचे, आपटे त्यांच्याहूनही लहान. चिपळूणकरांनी रत्नागिरीच्या सरकारी शाळेतली नोकरी सोडली होती; सरकारी नोकरीला ते 'रुप्याची बेडी' म्हणत. टिळक एलएल. बी. झाले होते, म्हणजे वकिलीचा रस्ता समोर मोकळा होता. घरच्यांच्या आणि शेजारपाजारच्यांच्या दृष्टीने हा सगळा हातचं सोडून पळत्यापाठी लागण्याचा प्रकार होता.

२. काही पुस्तकांत स्थापनेची तारीख २ जानेवारी दिसते. नेमकी कोणती धरायची?

१ जानेवारी १८८०. गोंधळ होतो कारण या मंडळींच्या बऱ्याच महत्त्वाच्या तारखा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच येतात. त्यांचं इंग्रजी साप्ताहिक 'मराठा' २ जानेवारी १८८१ ला निघालं, मराठी साप्ताहिक 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला आणि फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ ला. परीक्षेत तारीख लिहिताना आधी साल बघा, मग दिवस.

३. इंग्रजी सत्तेविरुद्ध लिहिणाऱ्या माणसांनी शाळेचं नाव 'इंग्लिश स्कूल' कसं ठेवलं?

तेव्हा 'इंग्लिश स्कूल' म्हणजे कुठल्या प्रकारची शाळा एवढंच त्या नावातून कळायचं. मूल आधी मराठी शाळेत चार इयत्ता करायचं आणि मग 'इंग्रजी शाळेत' जायचं. तिथून मॅट्रिक, आणि मॅट्रिक झालं तरच कॉलेज.

पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. इंग्रजी भाषेला चिपळूणकरांनी 'वाघिणीचं दूध' म्हटलं होतं, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं. 'निबंधमाला' या आपल्या मासिकातून मराठीचा कैवार घेणारा हा लेखक इंग्रजी ग्रंथांवर पोसलेला होता. ही विद्या सरकारी शाळेत सरकारला हवी तशी न मिळता आपल्या माणसांच्या हातून मिळावी, हा शाळेमागचा विचार होता. नावातल्या 'न्यू' या शब्दाचं वजन मला 'इंग्लिश'पेक्षा जास्त वाटतं.

४. पुण्यातली ही पहिली खासगी शाळा का?

नाही, आणि हे आदराने पण स्पष्ट सांगायला हवं. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा १८४८ मध्ये सुरू केली. १८६० मध्ये वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली; तीच पुढे भावे स्कूल आणि महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. हेच ते बंड करणारे फडके. १८७९ मध्ये ते पकडले गेले आणि त्यांच्यावर पुण्यातच खटला चालला. म्हणजे चिपळूणकर-टिळकांची शाळेची जुळवाजुळव चालू होती तेव्हा सगळं शहर त्या खटल्याबद्दल बोलत होतं.

न्यू इंग्लिश स्कूलचं वेगळेपण पहिलेपणात शोधू नये. ती शिक्षकांनी स्वतःच्या मालकीची, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून चालवलेली शाळा होती. ते वेगळेपण प्रश्न ९ मध्ये आहे.

५. शाळेत नेमकी कशाची तयारी करून घेत?

मॅट्रिकची. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या तुकडीत पास झालेल्यांपैकी एक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. ही शाळेची निरोपाची परीक्षा नव्हती, विद्यापीठाच्या उंबरठ्यावरची परीक्षा होती. शाळेची किंमत लोक मॅट्रिकच्या निकालावरून करत, आणि संस्कृतसाठीच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीवरून. ही शिष्यवृत्ती या नव्या शाळेच्या मुलांनी सुरुवातीच्या वर्षांतच मिळवली, आणि पुण्यात शाळेचा बोलबाला झाला. पाच वर्षांत मुलांची संख्या हजाराच्या घरात गेली.

टिळक गणित शिकवत. फळ्यावर पायरी-पायरीने मांडण्यापेक्षा उदाहरण तोंडीच सोडवत नेण्याकडे त्यांचा ओढा होता. हुशार मुलांना ते वरदान होतं. मागच्या बाकावरच्या मुलांचं काय होत असेल, याची कल्पना गणित शिकवलेल्या कुणालाही करता येईल. आपट्यांची शिस्त वेगळी. संस्कृत वाक्यरचना शिकवणारं त्यांचं इंग्रजीतलं पुस्तक १८८१ मध्ये निघालं आणि संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये. शाळेचा कारभार पाहून उरलेल्या वेळात केलेलं हे काम आहे. तो कोश आजही संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. मी तो उघडतो तेव्हा दर वेळी मनात येतं, हे लिहिणारा माणूस चौतिसाव्या वर्षी गेला.

६. शाळा कुठे भरायची? आणि आजची 'खरी' शाळा कोणती, टिळक रस्त्यावरची की रमणबागेतली?

पहिले वर्ग बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यात भरले. हे मोरोबादादा म्हणजे नाना फडणवीसांच्या घराण्यातले. पुढे कामाचा व्याप वाढल्यावर शनिवार पेठेतला गद्रे वाडा आला. फर्ग्युसन कॉलेजही तिथेच सुरू झालं.

वाड्यात शाळा म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणून पाहा. दिंडी दरवाजातून वाकून आत यायचं, चौकात उजेड, सोप्यावर एक वर्ग, माडीवर दुसरा. लाकडी जिन्यावरून शंभर पोरं उतरायला लागली की खालच्या वर्गातल्या मास्तरांना थांबावंच लागणार.

आजच्या दोन्ही शाळा, टिळक रस्त्यावरची आणि रमणबागेची, डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्याच (प्रश्न १३) आहेत आणि दोघींच्या नावात न्यू इंग्लिश स्कूल आहे. १८८० चा वर्ग यांपैकी कुठल्याच इमारतीत भरलेला नाही. त्यामुळे खरी-खोटी हा वाद माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यापुरता ठेवावा.

७. बाहेरगावच्या मुलांची राहायची सोय होती का?

ही दिवसाची शाळा होती. घंटा झाली की मुलं घरी. कोकणातून, देशावरून आलेला गरीब मुलगा पुण्यात नातेवाइकांकडे राही, नाहीतर माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार मिळाला नाही तर त्या दिवशी उपास. त्या पिढीच्या आठवणींत हे वार सतत येतात, आणि शिक्षकांतल्या काहींनीही असेच दिवस काढले होते. आगरकरांजवळ कॉलेजात असताना एकच सदरा होता. तो ते रात्री धुऊन वाळत घालत आणि सकाळी पुन्हा अंगात चढवत.

८. आगरकर संस्थापक आहेत की नाहीत?

पहिल्या दिवशी ते शाळेत नव्हते, हे खरं. एम. ए.ची परीक्षा व्हायची होती, म्हणून ते १८८१ मध्ये रुजू झाले. पण शाळेची कल्पना डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर यांच्या बोलण्यांतूनच निघाली होती, आणि चिपळूणकर नोकरी सोडणार असं कळल्यावर हे दोघे त्यांना जाऊन भेटले. त्यामुळे संस्थापकांत त्यांचं नाव घेणं योग्यच आहे.

याच सुमारास त्यांनी आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, आपले पांग फिटतील, अशी आशा तू करत असशील. पण मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ परहितात घालवणार आहे, असा त्याचा आशय. हे पत्र आपण शाळेत भाषणासाठी पाठ करतो आणि पुढे जातो. ते वाचणाऱ्या आईचा विचार करून एकदा वाचावं.

९. शिक्षकांना पगार किती होता? 'आजीव सदस्य' म्हणजे काय?

सोसायटी झाल्यावर (प्रश्न १३) नियम ठरले. आजीव सदस्य म्हणजे किमान वीस वर्षं संस्थेला वाहून घेणारा शिक्षक. त्याचं मासिक वेतन ७५ रुपयांच्या आसपास, शिवाय ३,००० रुपयांचा आयुर्विमा, म्हणजे तो मेल्यावर घर उघड्यावर पडू नये. संस्था चालवायची कुणी? या सदस्यांनीच. वर मालक नाही, सरकारी साहेब नाही. गोपाळ कृष्ण गोखले आले तेव्हा त्यांना सुरुवातीला ३५ रुपये मिळत.

माझ्या मते या शाळेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. शाळेची भरभराट या व्रतातून झाली आणि भांडणही याच व्रतावरून झालं (प्रश्न १४). आजही महाराष्ट्रातल्या जुन्या शिक्षणसंस्थांत 'आजीव सदस्य' हा शब्द ऐकू येतो. त्याचा उगम शोधत गेलं की पावलं बहुधा इथे येऊन थांबतात.

१०. शाळेला सरकारी अनुदान होतं का? हंटरने शाळेची स्तुती केली म्हणतात, ती कशाबद्दल?

सुरुवातीच्या वर्षांत नव्हतं, आणि सर विल्यम हंटर यांना आश्चर्य वाटलं ते त्याचंच. शिक्षण आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते १८८२ मध्ये पुण्यात आले आणि शाळा पाहून गेले. हिंदुस्थानात या तोडीची दुसरी संस्था मी पाहिलेली नाही, सरकारची मदत नसताना ही शाळा सरकारी हायस्कुलांच्या बरोबरीने उभी राहते आणि इतर देशांतल्या शाळांशीही तिची तुलना होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. आपट्यांनी आयोगापुढे साक्षही दिली. खासगी प्रयत्नांना सरकारने अनुदान देऊन वाव द्यावा असं आयोगाचं धोरण ठरलं, आणि पुढे सोसायटीने अनुदान घेतलं. 'शाळेने सरकारचा एक पैसाही कधी घेतला नाही' हे वाक्य म्हणून फक्त पहिल्या काही वर्षांपुरतं खरं आहे.

११. ही शाळा सगळ्या समाजासाठी होती का?

संस्थापक सगळे ब्राह्मण होते, आणि पेठांतल्या त्या शाळेत येणारी बहुसंख्य मुलंही त्याच समाजातली होती. हे झाकून इतिहास सांगता येत नाही.

प्रश्न १० मधल्या त्याच आयोगापुढे, त्याच १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या पैशातून वरच्या वर्गांचं उच्च शिक्षण चालतं आणि खेड्यातलं पोर मात्र अक्षराला मुकतं. सरकारने आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, ही त्यांची मागणी. एक साक्ष मॅट्रिकची वाट रुंद करा म्हणत होती, दुसरी म्हणत होती की त्या वाटेच्या तोंडापर्यंत पोहोचणारी मुलंच मुठभर आहेत. न्यू इंग्लिश स्कूलचा इतिहास लिहिताना हंटरचा अभिप्राय चौकटीत छापतात. शेजारी फुल्यांचं निवेदन छापलं तर १८८२ चं पुणं पूर्ण दिसेल.

चिपळूणकरांनी फुल्यांवर अतिशय बोचरं लिहिलं होतं, हेही नोंदवायला हवं. आणि त्यानंतर काय घडलं, ते पुढच्या उत्तरात आहे.

१२. टिळक-आगरकर तुरुंगात गेले तेव्हा शाळा कोणी चालवली? आणि 'केसरी' हे शाळेचं वर्तमानपत्र होतं का?

'केसरी' आणि 'मराठा' याच मंडळींनी काढले, पण ते शाळेचे मुखपत्र नव्हते. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, 'मराठा' टिळकांकडे. माणसं तीच असल्यामुळे लोकांच्या मनात शाळा, आर्यभूषण छापखाना आणि पत्रं हा एकच संसार होता. सकाळी मुलांना शिकवणारे हात संध्याकाळी प्रुफं तपासत.

कोल्हापूरच्या महाराजांना मिळणाऱ्या वागणुकीवरून दिवाण बर्वे यांच्यावर या पत्रांनी टीका केली आणि अब्रुनुकसानीचा खटला झाला. जामीन मोठ्या रकमेचा हवा होता. तेव्हा जोतीराव फुल्यांनी शब्द टाकला आणि रामशेठ उरवणे १०,००० रुपयांना जामीन राहिले. मतभेद केवढे, मदत केवढी!

खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, चिपळूणकर वयाच्या बत्तिसाव्या वर्षात वारले. जुलैमध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरच्या अखेरीस सुटले. म्हणजे शाळा सुरू होऊन तिसरं वर्ष चालू होतं आणि तीन मोठ्या नावांपैकी एक गेलेलं, दोन कोठडीत. वर्ग मात्र भरत राहिले. ते आपटे, नामजोशी आणि बाकीच्या मास्तरांमुळे. हंटर यांची भेट याच काळातली आहे! त्यांनी ज्या शाळेची वाखाणणी केली, ती त्या दिवशी आपट्यांच्या खांद्यावर होती. शाळेच्या गौरवाच्या भाषणांत आपट्यांचं नाव चौथं-पाचवं येतं, याची मला नेहमी हळहळ वाटते.

१३. शाळा असताना डेक्कन एज्युकेशन सोसायटी कशाला लागली?

कॉलेज काढायचं होतं म्हणून. चार मित्रांच्या विश्वासावर शाळा चालते. कॉलेजला निधी, विश्वस्त, नियम लागतात. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी सोसायटीची स्थापना झाली. पहिले सात आजीव सदस्य असे: टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी, वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि ना. कृ. धारप. निधीसाठी दक्षिणेतल्या संस्थानिकांकडे खेटे घालण्यात नामजोशींचा हातखंडा होता. पदवी नसलेला हा माणूस नसता तर पदवीधरांचं कॉलेज उभं राहिलं नसतं.

गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव कॉलेजला दिलं. त्यांची देणगी १,२०० रुपयांची. आपटे पहिले प्राचार्य, त्यांच्यानंतर आगरकर. आपली मुलं मॅट्रिक होऊन सरकारी डेक्कन कॉलेजकडे जायची. १८८५ पासून त्यांना पुढचं शिक्षणही याच शिक्षकांकडे घेता येऊ लागलं.

१४. टिळकांनी आपलीच शाळा का सोडली? आगरकरांशी भांडण झालं म्हणून का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं एका वाक्यातलं उत्तर नेहमी चुकतं.

सामाजिक सुधारणेवरून दोघांत फूट पडली हे खरंच आहे. संमतिवय (शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान कायदेशीर वय), विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण, या प्रश्नांवर आगरकरांचं लिहिणं 'केसरी'त मावेनासं झालं. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पण टिळकांनी १८९० मध्ये दिलेल्या राजीनाम्याच्या मुळाशी प्रश्न ९ मधलं व्रत होतं. टिळकांचं म्हणणं असं की जेझुइट पाद्र्यांसारखं सर्वस्व संस्थेला द्यायचं. बाहेर कमाई करायची नाही, वेळही बाहेर द्यायचा नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की शाळेचं काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात कुणी पुस्तक लिहून चार पैसे मिळवले, कुणी सार्वजनिक काम केलं, तर बिघडलं कुठे? संसार तर चालवायला हवा. गोखल्यांनी सार्वजनिक सभा या पुण्यातल्या राजकीय संस्थेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली.

दोन्ही बाजू वाचल्यावर मला कुणालाच खोटं ठरवता येत नाही. पत्रांची भाषा मात्र वाचवत नाही इतकी कडवट आहे. पुढे टिळकांनी कायद्याचे वर्ग चालवले, लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात भागीदारी केली. त्यांच्या जागी गणित शिकवायला १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये आले ते धोंडो केशव कर्वे. आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले, वय अडतीस. उशाशी एका पुडीत त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवले होते. टिळकांनी त्यांच्यावर 'केसरी'त मृत्युलेख लिहिला.

१५. गोखले आणि सावरकर या शाळेचे विद्यार्थी होते ना?

दोघेही नाहीत. गोखले कोल्हापुरात शिकले, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये बी. ए. झाले आणि इथे शिक्षक म्हणून आले. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक देशभर चाललं. सावरकर फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी, तेही १९०२ पासून. शाळा आणि कॉलेजची संस्था एक असल्यामुळे ही सरमिसळ होते.

१६. मुलींना प्रवेश होता का?

त्या काळात शाळा मुलांचीच होती. मुलींचं हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी काढलं. तिथल्या अभ्यासक्रमावर 'मराठा'तून टिळकांनी टीका केली, तर आगरकर मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावं म्हणत. एकाच शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या दोघांची ही मतं.

१७. नवीन मराठी शाळा आणि नूतन मराठी विद्यालय एकच का?

नाही. नवीन मराठी शाळा डेक्कन एज्युकेशन सोसायटीची, १८९९ पासूनची. नूतन मराठी विद्यालय, म्हणजे नू. म. वि., शिक्षण प्रसारक मंडळीचं. पुण्यात पत्ता विचारताना हा फरक कामाला येतो.

१८. आजोबांच्या दाखल्यावर 'इंग्रजी पाचवी' लिहिलं आहे. म्हणजे ते पाचवीतच शाळेतून निघाले का?

नाही, ते आजच्या नववीपर्यंत शिकले. मराठी चौथी झाल्यावर इंग्रजी पहिली सुरू व्हायची. म्हणून इंग्रजी पहिली ती आजची पाचवी, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, जुनी अकरावी. दाखल्यावरच्या आकड्यात चार मिळवा. दाखला घडीवर फाटत आला असेल तर चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत कागद पिवळा करून अक्षरं खाते. सपाट करून दोन कोऱ्या कागदांत ठेवा.